शनिवारवाड्यातला सूर्य

शाळेच्या पुस्तकात सूर्यमालेचं चित्र काढणाऱ्याची अडचण समजून घ्यायला हवी. ग्रह नीट दिसतील एवढे काढले तर अंतरं पानात मावत नाहीत. अंतरं मावली तर ग्रहांचं टिंबही उरत नाही. मग तो तडजोड करतो, आणि आपण जन्मभर समजतो की गुरू-शनी शेजारच्या बिऱ्हाडात राहतात.

पानाऐवजी पुणं घेतलं की जमतं. प्रमाण: दहा लाख किलोमीटरला एक मीटर. किलोमीटरच्या आकड्यातली सहा शून्यं खोडली की झालं. सूर्य म्हणजे १.४ मीटरचा गोळा, तो शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर ठेवा. पटांगण ओलांडून १५० मीटरवर पृथ्वी : भिजून टपोरलेला काबुली चणा, जेमतेम १३ मिलिमीटरचा. चंद्र म्हणजे साबुदाण्याचा कोरडा दाणा, चण्यापासून पावणेदोन वितींवर. माणसाची आजवरची मजल एवढीच.

गुरू म्हणजे १४ सेंटिमीटरचा मोठा नारळ, पावणेआठशे मीटरवर, बालगंधर्व रंगमंदिरापाशी. त्याहून जरा लहान नारळ ताटात ठेवला की शनी; तो शिवाजीनगर स्टेशनच्या आसपास. ताट म्हणजे त्याची कडी. फक्त ती इतकी पातळ, की या प्रमाणात वहीचा कागदसुद्धा हजारपट जाड ठरेल. नेपच्यूनचं लिंबू साडेचार किलोमीटरवर, थेट विद्यापीठाच्या आवारात. (ग्रह असे एका रांगेत उभे नसतात; ही सोय आपली.) मधल्या वाटेवर युरेनसचं आणखी एक लिंबू, बाकी सामसूम. पुण्याच्या रस्त्यावर हे पटवून घेणं अवघडच.

या नकाशात प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर पडतो. रांगणारं मूलही त्याला मागे टाकेल. शनिवारवाड्यातून निघालेला किरण विद्यापीठात पोचायला चार तासांहून जास्त घेतो. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा आपण आधी पोचू.

आता सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष). या प्रमाणात तो कुठे? चाळीस हजार किलोमीटरवर. म्हणजे पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालून पुन्हा शनिवारवाड्यात!

बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. तेच प्रमाण पुढे रेटतात, शून्यं वाढत जातात आणि लाख, कोटी, अब्ज सगळे डोक्यात सारखेच होतात. अशा वेळी फूटपट्टी बदलावी. नेपच्यूनपर्यंतची अख्खी सूर्यमाला दहा रुपयांच्या नाण्यात बसवा. प्रॉक्झिमा आला १२० मीटरवर, आणि आकाशगंगेचा व्यास झाला सुमारे २,८०० किलोमीटर. नाणं पुण्यात, आकाशगंगा जवळजवळ भारतभर.

पुन्हा बदला. आकाशगंगेची २० सेंटिमीटरची भाकरी करा. शेजारची देवयानी दीर्घिका (म्हणजे आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह) पाचच मीटरवर येते, स्वयंपाकघरातून ओसरीवर. आणि आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची कड? साधारण साताऱ्यापर्यंत. हे अंतर ऐकून पुणेकर थोडा निराशच होतो.

पण खरी गंमत या भाकऱ्यांतच आहे. सूर्य आणि प्रॉक्झिमा यांच्यामध्ये तीन कोटींच्या आसपास सूर्य ओळीनं मावतील. आकाशगंगा आणि देवयानी यांच्यामध्ये जेमतेम पंचवीस भाकऱ्या. म्हणजे तारे भयंकर एकलकोंडे, आणि दीर्घिका मात्र वाड्यातल्या बिऱ्हाडांसारख्या खेटून. म्हणूनच दीर्घिका एकमेकींवर आदळतात, एकमेकींत मिसळतातही. आणि त्या धुमश्चक्रीत त्यांचे अब्जावधी तारे एकमेकांना धक्काही न लावता निघून जातात.