त्याला मित्र आहेत का?

तुम्ही माझ्या मुलाबद्दल विचारलंत म्हणून लिहितेय. लग्नात, लिफ्टमध्ये, थेरपी सेंटरच्या बाकड्यावर, फिरून फिरून हाच प्रश्न येतो, "साध्या शाळेत घातलंत ना त्याला, मग मित्र झाले का हो?" आणि मी म्हणते, "हो, आहेत की!" अगदी खोटं नाही ते, पण खरं म्हणायलाही जीभ रेटत नाही. आता तो दहावी झालाय, तर एकदाचं सांगून टाकते.

त्याला ऑटिझम आहे. ऑटिझम म्हणजे काय ते सांगत बसत नाही, तुम्हाला माहितीये.

सहावीत आमचा प्रॉब्लेम अभ्यास नव्हता, मधली सुट्टी होती. तासाला हा बसायचा, पाढे, कविता सगळं तोंडपाठ, पण घंटा झाली की कानांवर हात घेऊन भिंतीशी उभा, आणि डबा जसाच्या तसा घरी. मग मीच शाळेत जाऊन बाईंना म्हटलं, 'बडी' ठेवूया का, म्हणजे सुट्टीत ह्याच्या सोबतीला वर्गातलंच एक पोर. कुठल्याशा वर्कशॉपमध्ये ऐकलं होतं. बाई भल्या, लगेच पाळ्या लावल्या. सोमवारी रोल नंबर ७, मंगळवारी १२, असं करत गुरुवारी २३. दोन आठवड्यांत डबा रिकामा यायला लागला आणि मी अख्ख्या गोतावळ्याला फोन करून सांगितलं. २३ ला आमच्याकडची गुळाची पोळी आवडायची, म्हणून गुरुवारी हा हट्टाने दोन जास्त न्यायचा. स्वतःहून! दुसऱ्याला काही द्यावं हे त्याला सुचलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

दिवाळीनंतर वर्गाला नवीन बाई आल्या आणि पाळ्या बंद झाल्या. कोणी मुद्दाम नाही केल्या, राहून गेलं. फक्त ते ह्याला सांगायचं पण राहून गेलं. गुरुवारी हा डबा घेऊन २३ कडे गेला, तो पोरांमध्ये खेळत होता, हा तिथेच उभा राहिला असणार, सुट्टीभर. घरी आला, दप्तर ठेवलं आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "ड्युटी संपली ना माझी, जा ना आता." ह्याचा आवाज नव्हता तो. ऐकलेलं वाक्य हा जसंच्या तसं बोलतो, चढउतारासकट, त्यामुळे मला त्या मुलाचा वैतागही ऐकू आला आणि मागे कोणीतरी हसलं होतं तेपण, कारण शेवटी हा ते हसणंही हसून दाखवायचा. पुढे कितीतरी महिने. आंघोळ झाली की "ड्युटी संपली", पंखा बंद केला की "ड्युटी संपली". घरी पाहुणे हसायचे, किती गोड बोलतो म्हणायचे.

२३ ला नावं ठेवू नका हां. अकरा वर्षांचं पोर ते, त्याला आम्ही ड्युटी म्हणूनच दिलं होतं ना. फळा पुसायची ड्युटी, पाण्याच्या पिंपाची ड्युटी आणि आमच्या मुलाची.

मग लगेच लोक म्हणतात, शॅडो टीचर ठेवायची होतीत, म्हणजे वर्गात फक्त ह्याच्यासाठी बसणारी बाई. ठेवली होती वर्षभर. शेजारी मोठं माणूस बसलं की एक पोर फिरकत नाही जवळ. स्पेशल शाळेत घालायचं होतंत? दोन दिवस बसवून बघितलं होतं तिथे, भिंतीशी उभा नाही राहिला, हे कबूल करते. तरी नाही घातलं. हट्ट माझा होता की त्याच्या भल्याचं होतं, ह्यावर मी रात्री स्वतःशीच भांडते आणि दर वेळी वेगळी बाजू जिंकते.

आणि कायद्याचं मला नका सांगू. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम १६ मध्ये 'शैक्षणिक आणि सामाजिक' असं दोन्ही विकासांचं लिहिलंय. त्यातलं पहिलं, शैक्षणिक, ते सर्टिफिकेट दाखवून मिळालं, दहावीला लेखनिक मिळाला, तासाला २० मिनिटं जादा मिळाली. मधल्या सुट्टीसाठी अर्ज कुठल्या खिडकीवर करायचा ते सांगा.

पाळ्या लावल्या नसत्या तर? तर तो भिंतीशीच राहिला असता, पण ते वाक्य घरी आलं नसतं. तुमच्या मुलासाठी बडी मागायचा का, असं विचाराल तर मी आजही हो म्हणेन बहुतेक, फक्त पाळ्या बंद कधी होणार ते पोराला आधी सांगा.

गुरुवारी अजूनही दोन पोळ्या जास्त लागतात त्याला. खात नाही, डब्यात ठेवतो. मी करते.