लोकरीच्या कव्हरचं कोडं सुटलं: दोष लॅनोलिनचा नव्हता, पाण्याचा होता

बाळाच्या कापडी लंगोटावर घालायच्या लोकरीच्या कव्हरांना मी लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं नैसर्गिक मेण, चढवते, म्हणजे शू बाहेर येत नाही. त्यांतलं रात्रीचं 2 नंबरचं कव्हर सलग चार रात्री कोरडं राहिलं. दर रात्री आठ-नऊ तास, आत टेरीचा प्रीफोल्ड (शोषून घेणारी पट्टी) आणि मलमलचा एक फ्लॅट (घडी घालायचं सपाट कापड), बाहेर फक्त लोकर. मांडीच्या कडेला ओल नाही, खालच्या दुपट्यावर डाग नाही. मागच्या तीन नोंदी ज्या गळतीत गेल्या, तिचं मूळ अखेर सापडलं. ते विणीत नव्हतं, मापात नव्हतं, लॅनोलिनच्या दर्जातही नव्हतं. ते टाकीत होतं.

कोडं असं होतं. लॅनोलिन साबणाने गरम पाण्यात मिसळून त्यात कव्हर भिजवायचं, ही कृती तीच, लॅनोलिन तेच, बेबी साबणाचा कीस तोच. तरी एका खेपेला बरणीत दुधासारखं पांढरं द्रावण तयार व्हायचं आणि पुढच्या खेपेला दूध नासावं तसं फुटायचं. वर पिवळट गुठळ्या, खाली गढूळ पाणी, काचेला चिकट राखाडी कडं. अशा फुटलेल्या द्रावणातून काढलेलं कव्हर वाळल्यावर हाताला तेलकट लागतं, आणि फसगत इथेच होते. लॅनोलिन ठिपक्याठिपक्यांनी वरच्या वर बसलेलं असतं, मधले धागे उघडे राहतात आणि शू नेमकी तिथूनच वाट काढते.

आधी संशय तापमानावर होता. लॅनोलिन साधारण 38 ते 42 अंशांना वितळतं, त्यामुळे कोमट पाण्यात ते नीट मिसळणार नाही हे खरं. पण उकळतं पाणी घेऊनही द्रावण फुटलं. साबण दुप्पट केला, तर गुठळ्याच वाढल्या. दुवा मिळाला तो खेपांच्या तारखा शेजारी-शेजारी मांडल्यावर. नळाला पाणी आलेल्या दिवसाच्या खेपा जमलेल्या, टाकीत बोअर चढवलेल्या दिवसाच्या फुटलेल्या, आणि दोन्ही मिसळलेल्या दिवसांच्या अर्ध्यामुर्ध्या. सोलापुरात नळ रोज येत नाही, मधल्या दिवसांत कितीतरी घरांच्या टाकीत उजनी धरणाचं आणि बोअरचं पाणी एकत्र होतं. म्हणजे जे एकच पाणी समजत होतो, ते दर दोन दिवसांनी बदलत होतं.

कारण सरळ आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाचं काम लॅनोलिनचे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवायचं, पण हे क्षार साबणालाच धरतात आणि त्याचा न विरघळणारा चोथा होतो. बादलीच्या आतल्या बाजूला जो राखाडी थर बसतो, तोच हा. साबण संपला की लॅनोलिनला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. साबण वाढवला की चोथाही वाढतो, म्हणून दुप्पट साबणाची खेप सगळ्यांत वाईट निघाली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही. ते पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतं, त्यात मीठही आलं. जडपणासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या घ्या. त्याही नसल्या तर बाटली कसोटी पुरते. अर्ध्या लिटरच्या पारदर्शक बाटलीत 200 मिली पाणी आणि अंघोळीच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून दहा वेळा जोरात हलवा. फेस दोन बोटं उभा राहिला आणि खालचं पाणी जवळपास स्वच्छ दिसलं, तर पाणी हलकं. फेस बसला आणि पाणी दुधट-गढूळ झालं, तर जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे. पिण्यापुरतं ते चालेल, पण 200 च्या आसपासच साबण कुरकुरायला लागतो.

उपाय दोन, आणि दोन्ही एकदम करा. लॅनोलिनच्या बाथला, म्हणजे कव्हर भिजवायच्या द्रावणाला, आरओचं पाणी वापरा, लागतं जेमतेम दीड-दोन लिटर. आणि साबणाऐवजी बेबी शाम्पू घ्या. शाम्पूतले फेस आणणारे घटक साबणाच्या जातीचे नसतात, कॅल्शियमशी त्यांचा चोथा होत नाही.

एवढं केल्यावर द्रावण पहिल्याच झटक्यात दुधासारखं झालं. रंग बघूनच समाधान वाटलं. पण त्या रात्री कव्हर पुन्हा गळलं.

इथे दोन आठवडे गेले. द्रावण निर्दोष आणि कव्हर तरी गळतं, म्हणजे दोष लोकरीतच. झालं होतं असं की ते कव्हर तोवर सहा-सात वेळा साबणाने आणि बोअरच्या पाण्याने धुतलं गेलं होतं. आधीचा सगळा चोथा धाग्यांत अडकलेला. त्याच्यावर लॅनोलिन चढवणं म्हणजे पोपडे आलेली भिंत न खरवडता रंग मारणं. ओळखायची खूण सांगते. चोथा अडकलेली लोकर ओली असताना मेणचट-खरखरीत लागते, उजेडात धरली तर धाग्यांवर पांढरट भुकटी दिसते, आणि वाळल्यावर शिळ्या तेलाचा वास येतो.

चोथा काढायला आम्ल लागतं आणि लोकरीला सौम्य आम्ल मानवतं. एक लिटर कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर 30 मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. कव्हर वीस मिनिटं बुडवून ठेवायचं, अधूनमधून हलक्या हाताने दाबायचं, चोळायचं अजिबात नाही. या पायरीला बोअरचं पाणी चालतं, फक्त व्हिनेगर 45 मिली घ्या, कारण थोडं आम्ल पाण्यातल्या क्षारांतच खर्च होतं. व्हिनेगर कॅल्शियमला सोडवून नेतं, पण मागे साबणातलं स्निग्ध द्रव्य उरतं. म्हणून नंतर तितक्याच कोमट आरओच्या पाण्यात अर्धा चमचा बेबी शाम्पू टाकून एक धुणं आणि दोन वेळा खळबळणं. 2 नंबरला ही फेरी दोनदा लागली, 4 नंबरला एकदाच पुरली.

मग बाथ. 60 ते 70 ग्रॅमच्या रात्रीच्या कव्हरला 5 ग्रॅम लॅनोलिन, दिवसाच्याला 3. काचेच्या जाड बरणीत लॅनोलिन, अर्धा चमचा शाम्पू आणि 150 मिली उकळतं आरओचं पाणी. बरणी आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर तडकेल. झाकणाखाली वाफ कोंडू नये म्हणून मिनिटभर थांबून मगच झाकण लावा, बरणी फडक्यात धरा आणि मिनिटभर हलवा. एकही पिवळा थेंब तरंगता दिसता कामा नये. हे दूध दीड लिटर कोमट आरओच्या पाण्यात ओता. कव्हर आधी साध्या आरओच्या पाण्यात ओलं करून हलकं दाबून घ्या, कारण कोरडी लोकर पाणी डागाडागांनी पिते. मग उलटं करून बुडवा, आतली बाजू द्रावणाकडे. सहा तास किमान, रात्रभर उत्तम. काढल्यावर पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून वरून दाबा.

घरात फक्त हायड्रस (पाणी मिसळलेलं) लॅनोलिन असेल तर त्यात जवळपास पाव हिस्सा पाणीच असतं, तेव्हा 5 च्या जागी साडेसहा ग्रॅम धरा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या इवल्या ट्यूब या कामाला फार महाग पडतात. सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडून शुद्ध ॲनहायड्रस (बिनपाण्याच्या) लॅनोलिनचा 100 ग्रॅमचा डबा घेतला तर वीस बाथ होतात. किलोचा डबा घेऊ नका, दोन बाळांनाही संपणार नाही.

लॅनोलिन खरंच आत गेलं का, हे सोनाराच्या छोट्या काट्यावर कळतं. फुटलेल्या बाथनंतर 2 नंबरचं वजन 64 वरून 65 ग्रॅम झालं होतं, आता 68 भरलं. मात्र लोकर हवेतला ओलावा पिते, म्हणून मे महिन्यातलं वजन ऑगस्टमधल्या वजनाशी ताडू नका. बाथ न दिलेलं एक कव्हर सोबतीला ठेवा, दोन्ही एकाच वेळी मोजा आणि फरक वजा करा. ही काळजी न घेतल्यामुळे मागच्या नोंदीतला वजनांचा तक्ता निरुपयोगी आहे, तो वापरू नका.

गळतीची कसोटीही बदलली आहे. वाटीच्या तोंडावर कव्हर ताणून 30 मिली पाणी ओतायचं, हे पुरेसं नाही. तेवढं पाणी साधारण तयार झालेली लोकरही धरते. खरी गळती दाबाखाली होते, बाळ कुशीवर वळलं किंवा मांडीवर बसलं की. म्हणून आता सपाट ताटात पांढरा कागदी रुमाल, त्यावर कव्हर, त्यावर 100 मिली पाणी प्यायलेला प्रीफोल्ड आणि वर दोन किलोची पिठाची पिशवी. वीस मिनिटांनी रुमाल कोरडा राहिला तर कव्हर पास. 2 आणि 4 पास झाली. 3 नंबर नापास, आणि त्याचं कारण वेगळं आहे. त्याचं सूत सुपरवॉश निघालं. त्या प्रक्रियेत धाग्यावरचे खवले झिजवलेले किंवा झाकलेले असतात, त्यामुळे ते मशीनमध्ये आटत नाही, पण लॅनोलिनही नीट धरत नाही. ते आता दिवसा, दोन तासांच्या बदलापुरतंच.

सूत घेताना लेबलावर विसंबू नका, जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. थंडीत लागणाऱ्या स्वेटरच्या स्टॉलवरचा बहुतेक माल ॲक्रिलिकच असतो, त्याचं कव्हर कितीही छान शिवलं तरी ते शू अडवणार नाही.

वाळवण्याचं थोडक्यात. सुती सगळं कडक उन्हात, लोकर सपाट सावलीत. एप्रिल-मेमध्ये इथे सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे लॅनोलिन मऊ पडण्याइतकी उष्णता. त्या दिवसांत पत्र्याच्या शेडखाली नको, घरातल्या फरशीवर जुन्या पंचावर पसरा आणि चार तासांनी उलटा.

आतल्या थराबद्दल मात्र भरभरून लिहायला हवं, कारण ते आपल्या गावचं आहे. सोलापूरच्या चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीचा सेकंड माल किलोवर मिळतो. कडेला एखादा धागा सुटलेला असतो, बाकी कापड उत्तम. 450 जीएसएमचा (चौरस मीटरला 450 ग्रॅम) 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल कापला की 37 बाय 50 चे सहा तुकडे पडतात, प्रत्येकी साधारण 80 ग्रॅम. कापल्याबरोबर कडा ओव्हरलॉक करून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात फासे निघून सगळीकडे पसरतात. नवा टॉवेल पाणी पीत नाही, कारण त्यावर खळ आणि मऊपणाचं फिनिशिंग असतं. चार-पाच गरम धुणी झाल्याशिवाय त्याला नावं ठेवू नका. 600 जीएसएमचा मोह टाळा, तो वाळायला वेळ घेतो आणि दोन पायांमध्ये उशी होते. टेरीचा एकच खरा दोष म्हणजे ती पटकन पिते आणि दाबलं की तितक्याच पटकन सोडते. म्हणून बाहेरच्या अंगाला मलमलचा किंवा जुन्या धोतराचा आठ पदरी फ्लॅट हवाच. जड पाण्यात टेरी पापडासारखी कडक होते, त्यावर सुती धुण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका. लोकरीजवळ मात्र सोडाही नको आणि एन्झाइमची पावडरही नको. एन्झाइम प्रथिनं खातं आणि लोकर प्रथिनच आहे.

पुढचा बेत खरं तर प्रत्येक कव्हरला महिन्यातून एकदा आरओचा बाथ एवढाच होता. पण आरओ यंत्र जितकं पाणी देतं त्याहून बरंच वाया घालवतं, आणि आपल्या गावात ते खटकतं. हे लिहिता लिहिता दोन पर्याय डोळ्यांपुढे आले. एक, एसीच्या नळीतून टपकणारं पाणी. ते हवेतल्या वाफेचं असतं, त्यात जडपणा जवळपास नसतोच. गाळून, उकळून घेतलं तर बाथला चालायला हवं. उन्हाळ्यात ते बादलीभर मिळतं आणि गटारात जातं. दुसरा पर्याय रिठा. रिठ्याचा फेस साबणासारखा चोथा करत नाही आणि रेशीम-लोकर धुवायला तो जुन्या काळापासून आहेच. चार रिठ्यांची सालं रात्रभर कपभर पाण्यात भिजवून, सकाळी उकळून गाळायची आणि शाम्पूऐवजी तेच पाणी बरणीत टाकायचं. तपकिरी रंगाची झाक पांढऱ्या लोकरीवर बसेल, म्हणून पहिला प्रयोग 4 नंबरवर, ते आधीच राखाडी आहे.

घोंगडीचा विषयही पुन्हा उघडतेय, पण कव्हरसाठी नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, बाळाच्या मांडीला बोचेल. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मऊ असली तरी मेरिनोची सर तिला नाही. मात्र बाळोत्यांखाली अंथरायला घोंगडीचा 60 बाय 60 चा तुकडा रबरी शीटपेक्षा कितीतरी चांगला, खालून हवा खेळती राहते. नव्या घोंगडीला चिंचोक्यांची खळ असते, तेव्हा आधी दोन थंड धुणी, मग 20 ग्रॅम लॅनोलिनचा बाथ आणि वर सुती चादर. सांगोल्याकडून तुकडा आला की पिठाची पिशवी आधी त्याच्यावर.