हळद, मिरी आणि मेंदूची सूज

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, काम राखणदारीचं, कचरा उचलायचा, जंतू आले की भिडायचं, पण अल्झायमरमध्ये त्या सतत भडकलेल्या राहतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या रसायनांनी शेजारचे न्यूरॉन्स, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशीच मरायला लागतात. हळदीतलं कर्क्युमिन ही सूज पेटवणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं बटण दाबलं जाऊ देत नाही, म्हणजे लॅबमधल्या पेशींत आणि उंदरांत तरी.

माणसात खरी अडचण पोटापासूनच सुरू होते. हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३-४ टक्के, तेही रक्तात फारसं उतरत नाही, लिव्हर लगेच त्याची विल्हेवाट लावतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य दिलं तर शोषण जवळपास २० पट वाढलं!! २०१८ ची अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाची ट्रायल, ४० जण, १८ महिने, स्मरणशक्ती सुधारलेली दिसली, पण ते सहज शोषलं जाणारं खास कर्क्युमिन होतं आणि त्या लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हता.

आईला विसरायला होतं म्हणून नातेवाईक कॅप्सूल सुचवत राहतात, मी देत नाही, कारण मिरीचा अर्क घातलेल्या अशा गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत आणि तिची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुम्हीही देऊ नका प्लीज, आमटीतली हळद खुशाल खा.