127 दात्यांचा गिअर आणि आमचं वर्कशॉप

आमच्याकडे येणारं काम बहुतेक वेळा मोडलेलं असतं. साखर कारखान्यातल्या व्हॉल्व्हचा झिजलेला स्पिंडल, गुऱ्हाळाच्या चरकाचा आटे गेलेला बोल्ट, जुन्या हातप्रेसचा चौकोनी आट्यांचा स्क्रू. बाजारात तयार मिळत नाही, म्हणून ते शोधत शोधत शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गल्लीत येतं. लेथवर, म्हणजे जॉब फिरवत ठेवून टूलनं कापणाऱ्या यंत्रावर, आटे पाडून देणं हे आमचं मुख्य काम. दोन पिढ्या घर चाललं ते त्याच्यावर.

कोल्हापूर हे मिस्त्रींचं गाव. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला. पुढे नदीकाठच्या उसाला पाणी उपसायला ऑइल इंजिनं आली, ती इथंच बनू लागली, इंजिनांमागे फौंड्र्या वाढल्या. आमचे वडील, म्हणजे आबा, अशाच एका इंजिनांच्या कारखान्यात टर्नर होते. नोकरी सोडून त्यांनी एक जुना लेथ विकत घेतला. त्याला गिअरबॉक्स नव्हती. इंचाला चार आट्यांचा लीड स्क्रू, म्हणजे टूल सरकवणारा लांब स्क्रू, आणि सोबत एका तेलकट लाकडी पेटीत चेंज गिअर, म्हणजे कामाप्रमाणे बदलून चढवायचे गिअर, 20 दात्यांपासून 120 दात्यांपर्यंत, पाच-पाचच्या फरकानं. त्या पेटीनंच आमचा धंदा उभा केला, असं मी आजही मानतो.

हिशेब सोपा आहे, पण तो डोक्यात पक्का बसावा लागतो. लेथच्या स्पिंडलच्या, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या, एका फेऱ्यात टूल जेवढं सरकेल तेवढी आट्याची पिच. टूलला सरकवतो लीड स्क्रू. म्हणून पाडायच्या आट्याची पिच भागिले लीड स्क्रूची पिच, हेच चालवणाऱ्या आणि चालणाऱ्या गिअरच्या दात्यांचं प्रमाण. इंची कामात तर आणखी सरळ: लीड स्क्रूचे चार आटे वर, पाडायचे आटे खाली. सहा सुती, म्हणजे पाऊण इंची, व्हिटवर्थ (जुन्या इंची मापाच्या) बोल्टला इंचात 10 आटे, म्हणजे 4/10, म्हणजे वर, स्पिंडलकडे, 40 दात्यांचा, लीड स्क्रूवर 100 दात्यांचा. मधे आयडलर, म्हणजे नुसता जोडणारा गिअर, कितीही दात्यांचा घाला, प्रमाण बदलत नाही, फक्त फिरण्याची दिशा बदलते. साखर कारखान्यांच्या जुन्या यंत्रांवर दोन इंची बोल्ट भेटतात, त्यांना इंचाला साडेचार आटे. नवीन पोरं इथं गडबडतात. 4 भागिले साडेचार म्हणजे 8/9, म्हणजे 80 आणि 90. झालं!

खरी अडचण मिलिमीटरनं आणली. देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 सालचा, 1958 पासून ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली. पण लेथ काही कायद्यानं बदलत नाहीत. पुण्याच्या वाहनधंद्याची कामं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत येऊ लागली, तिथून ती फिरत आमच्याकडे आली, आणि ड्रॉइंगवर सगळं मिलिमीटरमध्ये. आमचा लीड स्क्रू मात्र इंची. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. त्याला पाचानं गुणलं की 127, पहिला पूर्णांक. 127 ही मूळ संख्या, तिचे तुकडे पडत नाहीत, त्यामुळे पेटीतल्या कुठल्याही गिअरच्या जोडीतून ते प्रमाण नेमकं साधत नाही. 127 दात्यांचा गिअरच लागतो.

आबांनी तो गल्लीतच बनवून घेतला. बिडाचं ओतीव शेजारच्या फौंड्रीत झालं, टर्निंग आम्ही केलं, दाते पलीकडच्या मिलिंगवाल्यानं पाडले. 127 भाग डिव्हायडिंग हेडच्या, म्हणजे चकतीचे सारखे भाग पाडणाऱ्या साधनाच्या, नेहमीच्या प्लेटवर बसत नाहीत, जादा गिअर जोडून डिफरन्शियल इंडेक्सिंग करावं लागतं, आणि ते जमणारा माणूस चार पावलांवर होता. उद्यमनगरची ताकद कशात आहे असं कुणी विचारलं तर मी हाच गिअर दाखवतो. तो चढवला की 2 मिलिमीटर पिचला 40/127, दीडला 30/127, अडीचला 50/127. पुढे आम्ही 6 मिलिमीटर पिचच्या लीड स्क्रूचा दुसरा लेथ घेतला, तर इंची आट्यांसाठी तिथेही हाच कामाला आला, आता वरच्या बाजूला. इंचाला आठ आटे हवे असले तर वर 127 आणि 30, खाली 120 आणि 60.

काही जण 127 ऐवजी 63 दात्यांच्या गिअरवर भागवतात. त्यात आठ हजारात एक एवढा फरक राहतो, म्हणजे मीटरभर लांबीत आठवा भाग मिलिमीटर. छोट्या बोल्टला तो चालतो. पण कुणाच्या मशीनचा लीड स्क्रू बनवायचा असेल तर आम्ही तसं करत नाही, गिऱ्हाईक घाईत असला तरी नाही.

वर्म, म्हणजे गिअर फिरवणारा स्क्रू, पाडताना पिचमध्ये पाय (π) येतो. मॉड्यूल (दात्याचं मेट्रिक माप) 2 च्या वर्मची पिच दोन गुणिले π, म्हणजे 6.283 मिलिमीटर. 6 मिलिमीटरच्या लीड स्क्रूवर 110/105 लावलं की 6.286 मिळते. हळू चालणाऱ्या वर्मला तेवढं पुरतं.

कळंब्याच्या आयटीआयमधून शिकाऊ पोरं आमच्याकडे येतात. त्यांना पहिल्या दिवशी टूल देत नाही, गिअर चढवायला लावतो. मेन स्विच बंद, दाते ब्रशनं साफ, क्वाड्रंट (गिअर धरणारी सरकती पट्टी) ढिला, दोन गिअरच्या मधे कागदाची पट्टी, मग नट आवळायचा आणि हातानं फिरवून पट्टी काढायची. कागदाएवढी मोकळीक राहिली पाहिजे. फार घट्ट बसले तर गिअर ओरडतात आणि आट्याच्या अंगावर लाटा उमटतात. मग जॉबवर नुसती रेघ ओढून पिच गेज लावायचा. आणि इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटा असेल तर हाफ नट, म्हणजे टूलला लीड स्क्रूशी जोडणारा दुभागलेला नट, काम संपेपर्यंत उघडायचा नाही, टूल मागे घेऊन मशीन उलटं फिरवायचं. आबा यावर फार कडक होते, मीही आहे. डायल पाहून हाफ नट टाकण्याची सोय इंची आट्यांना आहे, तिथेही साडेचार आट्यांना डायलवरची तीच रेघ किंवा तिच्या बरोबर समोरचीच पकडावी लागते.

धाकट्या भावानं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, आणलं आणि तो निर्णय बरोबरच होता. पन्नास-शंभर नगांचं काम तिकडं जातं, पिच आकड्यानं सांगितली की झालं. पण एकच नग, चार फूट लांब, चौकोनी आटे, तोही गाळप थांबल्यावर चाललेल्या ओव्हरहॉलिंगमधला, असलं काम आजही जुन्या लेथवरच परवडतं. उन्हाळ्यात ती पेटी क्वचितच बंद होते.

काम घेऊन येणार असाल तर मोडलेला तुकडा फेकू नका, तो घेऊन या. जोडीचा नट असेल तर तोही आणा. व्हिटवर्थचा कोन 55 अंशांचा, मेट्रिकचा 60 अंशांचा, नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात. फोनवर व्यास सांगून आम्हाला पिच कळत नाही. आणि स्पिंडल व्हॉल्व्हचा असेल तर आटे डावे की उजवे, ते सुटा करण्यापूर्वीच बघून ठेवा.