दारातली करवंदी

कुंपणाला काय लावायचं हा प्रश्न आमच्या गल्लीत पावसाळ्याच्या तोंडावर हमखास निघतो आणि उत्तरंही ठरलेली असतात: मेंदी, दुरंता, नाहीतर सरळ तारेची जाळी. करवंदीचं नाव काढलं की लोक तोंडाकडे बघतात. करवंदं डोंगरात असतात. एकतर तिथे जाऊन खायची, नाहीतर मे महिन्यात घाटात गाडी थांबवून ठाकर-कातकरी बायकांकडून पानाच्या द्रोणात घ्यायची. ती दारात लावणं म्हणजे त्यांच्या मते रानडुक्कर पाळण्यासारखं.

शेजारच्या काकूंची हरकत वेगळी होती. "अगं, काटेरी झाड दारात कशाला? घरात भांडणं होतात."

"काकू, तुमच्या दारात गुलाब आहे की."

"गुलाबाचं वेगळं. देवाला लागतो."

"आणि मागचं कागदी लिंबू?"

"ते उपयोगाचं असतं."

म्हणजे काटा उपयोगी झाडाचा असला की भांडणं होत नाहीत. मग करवंदीइतकं निर्धोक झाड शोधून सापडायचं नाही. हिरव्याचं लोणचं, लाल झाल्यावर मुरंबा नाहीतर जेली (पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली छान धरते), काळं झालं की नुसतंच तोंडात. शिवाय कुंपण. करवंदीचं कुंपण गच्च वाढलं की गुरंही त्यात तोंड घालत नाहीत.

काटा जवळून बघण्यासारखा असतो. पानं समोरासमोर, जाड आणि चकचकीत, बारा महिने हिरवी. त्यांच्या बगलेतून काट्यांची जोडी निघते. कोवळा असताना काटा बोटानं वाकतो. जून झाला की लाकडासारखा कडक होतो, कधी टोकाशी दुभंगतो. पान तोडलं, फांदी खरचटली, फळ काढलं की लगेच पांढरा चीक येतो. कण्हेर, चाफा, सदाफुली ही सगळी हिची भावकी. त्या भावकीत कण्हेर तर विषारीच, बाकीच्यांतही तोंडात घालावं असं फारसं काही नाही. ही एक खाऊ घालणारी निघाली.

लावायला अवघड काहीच नाही. पिकलेल्या फळातलं बी ताजं असतानाच पेरायचं, वाळवून डबीत ठेवलं तर उगवण्याची आशा सोडायची. नाहीतर पावसाळ्यात गुटी बांधायची, म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून तिथे मुळं फुटू द्यायची आणि मग ती वेगळी लावायची. बियांच्या रोपाला फळ धरायला दोन-तीन वर्षं जातात. कातळ, मुरूम, उतार, काहीही चालतं, फक्त मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही.

अवघड आहे ते पुढचं. आम्हा घरगुती बागवाल्यांना झाडाचं काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. सकाळी पाणी, रविवारी शेणखत, मधल्या वारी कुणीतरी सांगितलेलं ताक नाहीतर केळीच्या सालींचं पाणी. गुलाब हे लाड करून घेतो. करवंदी मात्र खाऊन-पिऊन नुसती पसरते, हिरवीगार फांद्यांवर फांद्या काढते आणि फळाचं नाव घेत नाही. रानात तिला कोण पाणी घालतं? पावसाळा संपला की कोरड, वर ऊन, आणि त्याच कोरडीत ती फुलते. आमच्याकडे अधूनमधून येणारे माळीदादा एका वाक्यात म्हणाले, "ताई, हिच्याकडं बघायचं नाही." झाडाची निगा म्हणून मला मिळालेला हा सगळ्यात स्वस्त सल्ला. आणि पाळायला सगळ्यात कठीण, कारण पाण्याचा पाईप हातात असतो आणि ती वाटेतच उभी असते.

फुलं येतात तेव्हा मात्र बघावंच लागतं. पांढरी, पाच पाकळ्यांची, जाईची आठवण करून देणाऱ्या वासाची. कुंपणापलीकडून जाणारी माणसं थांबून विचारतात, कशाचा वास हो? करवंदीचा म्हटलं की पुन्हा तोंडाकडे बघतात.

नर्सरीत आता 'सुधारित' करवंदं मिळतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' आहे, पंतनगरच्या जाती आहेत. गुलाबी-पांढरी, टपोरी फळं येणारी झाडं दिसायला फार देखणी. पण मला त्यात गंमत वाटत नाही. त्या जातीची करवंदं साखरेच्या पाकात मुरवून, लाल रंग देऊन 'चेरी' म्हणून केकवर बसतात. लहानपणापासून आपण वाढदिवसाला भांडून मिळवलेली चेरी बऱ्याचदा करवंदच होती, हे कळल्यावर करवंदाबद्दलचा आदर वाढावा की बेकरीबद्दलचा कमी व्हावा, मला ठरवता आलेलं नाही.

मी लावली ती रानातली, बारक्या काळ्या फळांची. त्याला कारण आहे. करवंद दातानं अर्धं करायचं आणि आत बघायचं: लाल असेल तर कोंबडा, फिकं असेल तर कोंबडी. आधी ओळखायचं, मग चावायचं. हा खेळ टपोऱ्या गुलाबी फळावर खेळावासा वाटत नाही. आणि खेळाला घाई चालत नाही. जरा लालसर असताना तोडलं तर आंबट ढाण, वर चिकानं ओठ चिकटतात. पूर्ण काळं होईपर्यंत थांबायचं.

थांबायला बुलबुल तयार नसतो. त्याला काळेपणाची बातमी आमच्या आधी लागते. काट्यांच्या आतल्या बाजूची, आपला हात पोचत नाही ती फळं त्याची. बाहेरच्या बाजूची आमची, असं मी समजते. तो तसं समजत नाही.

म्हणून चैत्र-वैशाखातच थोडी हिरवी काढून लोणचं घालावं असा घरात प्रस्ताव आहे. हाताला तेल लावायचं, करवंदं ठेचून बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यातून धुऊन चीक घालवायचा, मग कैरीच्या लोणच्याचाच मसाला. काकूंनी बरणी आधीच पाठवून दिली आहे. भांडणाचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "अर्धी बरणी माझी, बाकीचं तुम्ही बघा."