दांडीवरचं वजन

डेन्व्हरच्या उत्तरेला, आय-२५ महामार्गाच्या कडेला आमचं आवार आहे. तिथं ट्रॅव्हल ट्रेलर विकले जातात, म्हणजे पिकअपच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची घरं. विक्री माझ्याकडे नाही. गिऱ्हाईक ट्रेलर न्यायला येतं त्या दिवशी त्याला दोन-तीन तास गॅस, पाणी, बॅटरी, मैल्याची टाकी असं सगळं समजावून द्यायचं आणि शेवटी ट्रेलर त्याच्या गाडीला जोडून त्याला वाटेला लावायचं, हे माझं काम. बारा वर्षं करतोय.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी दहाची डिलिव्हरी होती. तीस फुटी ट्रेलर, मागे बंक बेड, पुढे वेगळी बेडरूम. मी पायऱ्या पुसत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, चपला काढ आधी, नवं घर आहे ते." दहा वर्षांची मुलगी दारातच थबकली. तिच्यामागे तिचे आई-बाबा आणि आजी-आजोबा. आमच्या आवारात मराठी कानावर पडणं म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी. मी म्हटलं, "राहू द्या काकू, आज सगळे बूट घालूनच फिरणार आहेत." काकू बघतच राहिल्या. काकांनी मात्र लगेच विचारलं, "गाव कुठलं?"

मी वाईचा, ते वाळवा तालुक्यातले. एवढ्यावर आमची ओळख पक्की झाली.

मुलगा सॉफ्टवेअरमध्ये होता. आईवडील सहा महिन्यांसाठी आले होते आणि त्यांना यलोस्टोन दाखवायचं त्याच्या मनात होतं. काकूंचे गुडघे दुखायचे. रोज नवं हॉटेल, नवा जिना, बाहेरचं जेवण हे त्यांना झेपलं नसतं. आपला बिछाना, आपली भाकरी, चार पावलांवर बाथरूम, म्हणून हा ट्रेलर. इतक्या मायेनं घेतलेला ट्रेलर मी क्वचितच पाहिलाय. काकूंनी ओट्यावरून हात फिरवला, पोळपाट ठेवून पाहिला. पोळपाट त्या सोबत घेऊनच आल्या होत्या.

मग मी मुलाचा पिकअप पाहिला. पंधरवड्यापूर्वी घेतलेला, ज्याला इथं हाफ-टन म्हणतात त्या वर्गातला. काचेचं छत, वीस इंची चाकं, चामड्याच्या सीट, फोर व्हील ड्राइव्ह. "अकरा हजार पौंड ओढतो, दादा," तो म्हणाला. "ट्रेलर जास्तीत जास्त सात हजार आठशेचा. तीन हजारांची मोकळीक ठेवलीय. मी सगळा अभ्यास करूनच घेतलाय."

मी ड्रायव्हरचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर, कुलूप अडकतं तिथं खाली, पिवळ्या पट्ट्याचा एक स्टिकर असतो. टायरमधली हवा किती ते त्यावर लिहिलेलं असतं, म्हणून लोक एवढंच वाचून दार लावतात. त्याच्याच वरच्या ओळीत लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. या गाडीवरचा आकडा होता १,४२०. म्हणजे साधारण ६४४ किलो.

जाहिरातीतला आकडा गाडी किती ओढते ते सांगतो. दारावरचा आकडा ती अंगावर किती घेते ते सांगतो. ट्रेलर नुसता मागून येत नाही, तो आपलं काही वजन गाडीच्या पाठीवर टेकवतो. सरळ चालायचं तर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांडीवर, म्हणजे ट्रेलरच्या ज्या पुढच्या टोकानं तो गाडीला जोडतात त्यावर, पडावंच लागतं. भरलेला ट्रेलर साडेसात हजार पौंडांचा धरला तर दांडीवर हजाराच्या आसपास आलेच. आणि ते सगळे त्या १,४२० मधून जातात.

मी तिथंच कागद घेऊन मांडलं. तो १९०, बायको १४५, मुलगी ७५, काका १६०, काकू १३५. झाले ७०५. जोडणीचा लोखंडी सांगाडा, जो वजन पुढच्या चाकांकडे ढकलतो, तो स्वतःच ९० पौंडांचा. मागच्या हौद्यात जनरेटर, खुर्च्या, सायकल, सरपण धरून २००. आणि दांडीवरचे ९७५. बेरीज १,९७०. गाडीची ताकद १,४२०. तो सांगाडा दांडीवरच्या वजनातला थोडा भाग ट्रेलरच्या चाकांवर परत टाकतो, त्याचे पावणेदोनशे वजा केले तरी जवळपास पावणेचारशे पौंड जास्तच.

"पण मग अकरा हजार हा आकडा खोटा का?"

खोटा नाही. तो कसा काढतात ते मी त्याला सांगितलं. अॅरिझोनात राज्यमार्ग ६८ वर डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ आहे. मोजणीच्या जे२८०७ या नियमात तोच चढ धरलाय. कडक ऊन, एसी पूर्ण चालू, आणि ट्रेलर ओढत वेग ताशी ४० मैलांच्या खाली येऊ द्यायचा नाही. परीक्षा खरोखर कठीण आहे. पण त्या परीक्षेत गाडीत बसतात दोनच माणसं, प्रत्येकी १५० पौंडांची. मागच्या सीटवर आई नसते, मुलगी नसते, हौद्यात जनरेटर नसतो. आणि तो आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात सोयीच्या जुळणीचा असतो. काचेचं छत, मोठी चाकं, चामडं, यातली प्रत्येक चैन आपलं वजन दारावरच्या आकड्यातून कापून घेते. म्हणून एकाच नावाच्या दोन गाड्यांच्या दारांवर पाच-सातशे पौंडांचा फरक दिसतो. गाडी घेताना माहितीपत्रक बाजूला ठेवून तीच गाडी, तेच दार उघडून वाचायला हवं.

तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सोपं आहे की. जड सामान ट्रेलरमध्ये मागे टाकतो. बंकखाली भरपूर जागा आहे. दांडीवरचं वजन आपोआप कमी होईल."

हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण ते मी आधी ऐकलं होतं.

सहा वर्षांपूर्वी मी असाच एक ट्रेलर एका कुटुंबाला जोडून दिला होता. दारावरचा स्टिकर मी पाहिला होता, आणि वजनं तोलणं हे आपलं काम नव्हे म्हणून गप्प बसलो होतो. महिन्याभरानं त्यांचा फोन आला की गाडी मागून बसते, काय करू. मी गाडी आणा म्हटलं, पण ते आले नाहीत. त्यांनी स्वतःच सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला हलवलं. गाडीची पाठ उचलली गेली, दिसायला सगळं ठीक झालं. शायन शहराच्या अलीकडे पश्चिमेचा वारा आडवा लागला आणि ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागला. दोन-तीन हेलकाव्यांत आडवा. माणसं वाचली, मुलाचा हात मोडला. तो ट्रेलर पट्ट्यांनी बांधून सपाट ट्रकवरून आमच्या आवारात परत आला. एका बाजूचा पत्रा डब्यासारखा सोललेला. आत पंपाच्या बटणावर मी चिकटवलेली चिठ्ठी तशीच होती, माझ्या अक्षरातली, 'झोपताना बंद करा'.

मी हे सगळं त्याला सांगितलं. तो ऐकत होता, पण पटलेलं दिसत नव्हतं. काका इतका वेळ ट्रेलरच्या दांडीपाशी उभे होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "म्हंजे ही उलाळ होती म्हणा की."

मी हा शब्द कितीतरी वर्षांनी ऐकला.

"अरे, उसाची गाडी भरताना बघितलंयस न्हवं तू?" ते मुलाला म्हणाले. "मागं जास्त भरली की जू वर उचलतं. बैलांच्या मानेवर वजन न्हाई म्हंजे गाडी त्यांच्या हातात न्हाई. आणि पुढं जास्त भरली की बैल बसतंय. मग काय करायचं, मागं सरकवायचं? न्हाई. ऊस कमी करायचा, न्हाईतर दांडगी जोडी आणायची."

बारा वर्षं मी जे शब्दांत पकडायला धडपडत होतो, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. तेव्हापासून मराठी माणूस आला की मी बैलगाडीपासूनच सुरुवात करतो.

तरीही कागदावरच्या बेरजेवर कुणाचं मन बसत नाही. मी म्हटलं, आपण तोलूनच बघू. विक्री व्यवस्थापकाला हे आवडलं नाही. जोडून दे, सही घे, दुपारी अजून दोन डिलिव्हरी आहेत, असं त्याचं म्हणणं. मी त्याला एवढंच सांगितलं की ही सही मी या गाडीवर घेणार नाही, तुला घ्यायची तर तू घे. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग फोन आला म्हणून आत गेला.

काकूंना ऑफिसात खुर्ची दिली. त्यांच्या जागी मी, आणि गाडीही मीच चालवली. महामार्गावर दोन एक्झिट पुढे ट्रकवाल्यांचा थांबा आहे, तिथं कॅट कंपनीचा काटा आहे. काट्याला वेगवेगळ्या पट्ट्या असतात. पुढची चाकं एका पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. खिडकीतून हात लांब करून बटण दाबायचं, आतून विचारतात, पहिलं वजन का, हो म्हणायचं. मुलीला ते बटण दाबायचं होतं, तर तिला पुढे घेतलं.

चिठ्ठी आत जाऊन आणली. पुढची चाकं ३,१२०, मागची ३,९४०, ट्रेलरची ५,८६०. गाडीचे दोन्ही मिळून ७,०६०. तिच्या दारावर कंपनीनं लिहिलेली, गाडीसकट सगळ्या वजनाची कमाल मर्यादा ७,०००.

"साठ पौंड," तो म्हणाला. "साठच तर जास्त आहेत."

मी म्हटलं, "हौदा बघा."

हौदा रिकामा होता. ट्रेलरच्या टाकीत पाण्याचा थेंब नव्हता, आणि पाणी गॅलनला ८.३ पौंड भरतं. कपाटात एक डबा नव्हता, बिछाने नव्हते, कपडे नव्हते. होता तो एक पोळपाट. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली, परत उघडली. बायको हळूच म्हणाली, "अरे, आई-बाबा मागे बसणार आहेत." त्यानंतर तो वाद घालायचा थांबला.

थांब्यावरच्या टेबलावर कॉफी घेऊन आम्ही पुढचं ठरवायला बसलो. लहान ट्रेलर घ्यायचा का? साडेपाच हजारांच्या आतला घेतला तरी दांडीवर साडेसहाशे येतात. पाच माणसं आणि सांगाडा मिळवला की हौद्यात काहीही न ठेवता ती गाडी काठोकाठ. मग एकच वाट उरते, वरच्या वर्गाचा पिकअप, ज्याला इथं थ्री-क्वार्टर-टन म्हणतात. नावातला टन जुन्या काळचा, आता त्याचा वजनाशी संबंध राहिलेला नाही. खरा फरक चौकट, आस, स्प्रिंगा, ब्रेक आणि टायर यांच्यात असतो.

त्याला आता डिझेल हवंसं वाटायला लागलं. इथं मी जरा जोर लावून बोललो. डिझेल इंजिन घाटात उतरताना गाडीला धरून ठेवतं, उंचीवर दमत नाही, हे खरं. पण ते इंजिन स्वतःच इतकं जड असतं की त्याच वर्गातल्या डिझेल गाडीच्या दारावरचा आकडा पेट्रोलवालीपेक्षा कित्येक शे पौंडांनी खाली येतो. वर चैनीच्या वस्तू लावल्या की आपण परत पहिल्याच अडचणीत. पेट्रोल घ्या, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नसलेलं असलं तरी चालेल. दर हजार फूट उंचीला तसं इंजिन सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, आणि यलोस्टोनला जाताना वाटेत टोगवोटी खिंड लागते ती ९,६५८ फुटांवर. तिथं पाव भागाहून जास्त ताकद गेलेली असेल. इंजिन ओरडेल. ओरडू द्या, उजव्या लेननं ४० च्या वेगानं चढा. चढताना उशीर झालेला चालतो. उतरताना टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना लावायचं गाडीतलं बटण, लावा, खालचा गिअर धरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

नव्या गाडीत पंधरा दिवसांत पैसे बुडणार होते. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि मलाही वाईट वाटत होतं. "विकणाऱ्यानं का नाही सांगितलं?" त्यानं विचारलं. तो खोटं बोलला नव्हता. गाडी किती ओढते एवढंच त्याला विचारलं गेलं होतं, आत किती जण बसणार हे कुणी विचारलं नव्हतं.

ट्रेलर आवारात राहिला. व्यवस्थापकानं त्यांच्याकडून जागेचं भाडं घेतलं नाही, हे मला सांगायलाच हवं.

तीन आठवड्यांनी ते परत आले. वापरलेला, साध्या कापडी सीटचा, पेट्रोलवर चालणारा थ्री-क्वार्टर-टन. बसायला कडक, काकूंनी पाठीशी उशी घेतली होती. दारावर ३,२४०. या वेळी सगळं भरूनच आले होते, पिठाचा डबा, कुकर, सायकल, सगळं. मी जनरेटर हौद्यात पुढे सरकवून घेतला, ट्रेलरमधलं जड सामान चाकांच्या थोडं पुढे लावून घेतलं, ट्रेलरच्या ब्रेकचा जोर आवारातच ताशी २० मैलांवर तीन-चारदा थांबवून बसवून दिला. मग त्याच काट्यावर गेलो. या खेपेला काकू गाडीत होत्या आणि मी बाहेर उभा होतो.

चिठ्ठी काकांनी आणली आणि मोठ्यानं वाचली. गाडी ८,५६०, मर्यादा १०,०००. ट्रेलरची चाकं ६,७००. "बसलं," ते म्हणाले, आणि चिठ्ठी खिशात घातली.

थांब्याच्या खांबावरचा झेंडा पूर्वेकडे ताठ उडत होता, वारा चांगलाच होता. मी उड्डाणपुलाच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. ते उत्तरेच्या रॅम्पवरून महामार्गाला लागले, शेजारून एक अठरा चाकी ट्रक त्यांना ओलांडून गेला, त्याच्या हवेचा धक्का ट्रेलरला बसताना मला दिसला. ट्रेलर हलला नाही. मी तो नजरेआड होईपर्यंत तिथंच होतो.