होम लॅबची नोंद: एक छोटा डबा, केव्हीएम आणि नाशिकची लाईट

व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका कॉम्प्युटरवर अनेक आभासी कॉम्प्युटर (मशिन्स) चालवणं, शिकायचंय म्हटलं की जो तो सांगतो, प्रॉक्समॉक्स ही तयार प्रणाली टाक, अर्ध्या तासात मशिन्स चालू होतील. खरंही आहे ते. तरी मी होस्टवर, म्हणजे मशिन्स ज्याच्यावर चालतात त्या खऱ्या कॉम्प्युटरवर, साधं डेबियन १३ (लिनक्स) टाकलं आणि त्यावर मशिन्स चालवणारी क्यूएमयू आणि लिबव्हर्ट ही सॉफ्टवेअरं. अंबडच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळते, त्यामुळे बटणं दाबायला रोज पुष्कळ मिळतात. बटणाखाली काय हलतं ते घरी बघायचं होतं.

आधी डब्याबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, आय-फाइव्ह ८५००टी, सहा कोअर, हायपरथ्रेडिंग नाही, ३५ वॅटचा प्रोसेसर. कंपन्यांनी काढून टाकलेला माल मुंबई-पुण्याहून लॉटमध्ये येतो, त्यातलाच हा. पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायची तयारी होती, पण शरणपूर रोडवरच्या एका दुकानात मिळून गेला. दुकानदार म्हणाले, "ताई, एवढाच डबा घेऊन सर्व्हर कसला करताय? टॉवर घ्या, दणकट आहे." टॉवर स्वस्त होता हे खरं, पण जुना टॉवर नुसता बसून ५०-६० वॅट ओढतो. चोवीस तास चालवला तर महिन्याला चाळीस युनिटच्या घरात. माझा डबा मशिन्स रिकाम्या असताना १५ वॅटच्या आसपास असतो, म्हणजे महिन्याला जेमतेम अकरा युनिट. वीजदराच्या स्लॅबच्या काठावर असलेल्या घरात हा फरक बिलात दिसतो आणि मग आईला समजावून सांगावं लागतं.

रॅम ३२ जीबी केली, १६ च्या दोन काड्या. २०२५ संपता संपता रॅमचे भाव चढले, त्याआधी घेतली म्हणून जमलं. आता सुरुवात करणाऱ्यांना माझं मत: प्रोसेसर एक पिढी जुना चालेल, रॅममध्ये कंजुषी नको. सहा कोअरवर दहा मशिन्स खुशाल बसतात, कारण शिकायच्या मशिन्स बहुतेक वेळ झोपलेल्याच असतात. रॅम मात्र झोपेतही अडवलेली राहते. केएसएम ही सोय चालू केली तर सारख्या मशिन्सची मेमरीतली सारखी पानं कर्नल (लिनक्सचा गाभा) एकत्र करतो आणि थोडी जागा सुटते, पण त्याच्या भरवशावर हिशेब मांडू नये.

बायोसमध्ये व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयी दोन्ही चालू आहेत का ते बघा. मग 'व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट' ही कमांड चालवा, काय राहिलंय ते ती ओळीने सांगते.

केव्हीएम हे कर्नलचंच मॉड्यूल, २००७ साली २.६.२० मध्ये आलं. ते फक्त सीपीयू आणि मेमरीचं बघतं. डिस्क, नेटवर्क कार्ड, स्क्रीन ही सगळी नाटकं क्यूएमयू वठवतो. लिबव्हर्ट एक्सएमएलमध्ये लिहिलेलं मशिनचं वर्णन वाचून या दोघांना कामाला लावतो. हे वाचून माहीत होतं, पण होस्टवर 'टॉप' लावून बघितलं तेव्हा कळलं: अख्खी व्हर्च्युअल मशिन म्हणजे क्यूएमयूची एक प्रोसेस आणि तिचा प्रत्येक व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) म्हणजे एक थ्रेड. 'किल' केलं की मशिन गेली. पाच मिनिटांचा खेळ आहे, करून बघाच.

मशिन्सना जिल्ह्यातल्या धरणांची नावं दिलीत. गंगापूर, दारणा, पालखेड, मुकणे, चणकापूर. फायरवॉल आणि राउटिंग करणारी मशिन म्हणजे नांदूर, कारण गंगापूर-दारणेचं सोडलेलं पाणी शेवटी नांदूरमध्यमेश्वरलाच येतं आणि तिथून पुढे जातं. लॉग वाचताना कोण कुठे आहे ते लगेच डोळ्यांसमोर येतं.

नेटवर्कवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. लिबव्हर्ट सोबत एक तयार नेटवर्क देतो: 'व्हर्बीआर-झिरो' नावाचा ब्रिज (आभासी स्विच), १९२.१६८.१२२ ची रांग, एनएटी (सगळ्या मशिन्स होस्टच्याच पत्त्याने बाहेर जातात), पत्ते वाटायला डीएनएसमास्क. मशिन्स बाहेर जाऊ शकतात, पण घरातल्या लॅपटॉपला त्या दिसत नाहीत. त्यासाठी खरा ब्रिज लागतो: नेटवर्क कार्ड ब्रिजच्या आत जातं आणि आयपी कार्डाला न देता ब्रिजला द्यायचा. हे बदल एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दुरून, करू नका, स्क्रीन-कीबोर्ड जोडून करा, नाहीतर ज्या फांदीवर बसलोय तीच तोडणं होतं.

आणि हो, वायफायवर असा ब्रिज होत नाही. होस्ट वायफायला जोडला गेलेला असतो तो एका मॅक पत्त्याने, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या पत्त्याने. मशिन्सच्या फ्रेम्स (डेटाचे तुकडे) दुसऱ्याच मॅकने निघाल्या की ॲक्सेस पॉइंट त्या टाकून देतो. ड्रायव्हर बदलून, कार्ड बदलून हे सुटत नाही, वायफायच्या फ्रेमची रचनाच तशी आहे. सोपा उपाय एकच, केबल. राउटर हॉलमध्ये आणि डबा आतल्या खोलीत, म्हणून वायरमन दादांकडून चौकटीच्या कडेने कॅट-सिक्स ओढून घेतली.

तिसरं नेटवर्क आयसोलेटेड. एक्सएमएलमध्ये 'फॉरवर्ड' हा घटकच लिहायचा नाही, की बाहेरची वाट बंद. नांदूरला दोन कार्डं, एक ब्रिजवर आणि एक या बंद नेटवर्कवर. बाकी मशिन्सना बाहेर जायचं तर नांदूरमधूनच. एनएफटेबल्सचे (लिनक्सची फायरवॉल) नियम, डीएचसीपी (पत्ते वाटणं), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), सगळं इथे हाताने लिहिलं. डीएचसीपीचा प्रयोग घरच्या नेटवर्कवर केला असता तर भावाचा मॅच मध्येच थांबला असता. इथे कितीही मोडतोड केली तरी घरात कुणाला पत्ता लागत नाही.

साठवणीत मला आवडलेली गोष्ट म्हणजे बॅकिंग फाइल. डेबियनची तयार क्लाउड इमेज (आधीच इन्स्टॉल केलेली डिस्क) उतरवून घेतली, ती पाया. प्रत्येक नव्या मशिनला क्यूकाऊ-टू प्रकारची पातळ फाइल, जिच्यात फक्त पायापेक्षा वेगळं असलेलं लिहिलं जातं. सुरुवातीला तिचा आकार नगण्य असतो. मशिनचं नाव, युजर, एसएसएच चावी हे क्लाउड-इनिटच्या (पहिल्या बूटला मशिनची मांडणी करणारं साधन) छोट्या यामल फाइलीतून जातं. आता नवीन मशिन चहा उकळायच्या आत उभी राहते आणि बिघडली तर दुरुस्त करत बसत नाही, पातळ फाइल पुसून नवी करते. पथ्य एकच: एकदा क्लोन काढल्यावर पाया असलेल्या इमेजला हात लावायचा नाही. तिच्यात एक बदल झाला तरी वरचे सगळे क्लोन निकामी. मी ती रीड-ओन्ली करून ठेवलीय.

या पातळ फाइली फुगतात, आणि मशिनच्या आत फाइल पुसली म्हणून होस्टवर जागा परत मिळत नाही. डिस्कच्या वर्णनात 'डिस्कार्ड' ला 'अनमॅप' करा आणि आत 'एफएस-ट्रिम' चा टायमर चालू ठेवा. होस्टची डिस्क काठोकाठ भरली तर क्यूएमयू मशिन मारत नाही, 'पॉज' करतो. जागा करून 'रिझ्यूम' म्हटलं की ती जिथे होती तिथून पुढे चालते. मुद्दाम डिस्क भरून बघितलं, खरंच चालते.

आता लाईट. जूनमधला वळीव आला की आमच्या भागात लाईट जाते, आणि घरचा इन्व्हर्टर सर्व्हरशी बोलत नाही. त्याला यूएसबी नाही, म्हणजे लाईट गेलीय हे होस्टला कळायला मार्ग नाही. महागड्या यूपीएसऐवजी एक जुना राउटर कामाला लावला. त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) टाकलं आणि तो मुद्दाम इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटला लावला. डबा आणि नेटवर्क स्विच इन्व्हर्टरवर. होस्ट दर मिनिटाला त्या राउटरला पिंग करतो. तो गप्प झाला म्हणजे लाईट गेली. वीस मिनिटं गप्पच राहिला तर होस्ट स्वतःला नीट बंद करतो. आमची बॅटरी जुनी आहे, अचानक मान टाकते, म्हणून एवढी घाई. शिवाय रात्री पंखा आधी, सर्व्हर नंतर, हा घरचा नियम आहे.

बंद होताना मशिन्सचं काय करायचं हे 'लिबव्हर्ट-गेस्ट्स' सर्व्हिस ठरवते. तिथे 'सस्पेंड' न ठेवता 'शटडाउन' ठेवा. सस्पेंड केलेली मशिन उठते तेव्हा तिचं घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं, आणि मग टीएलएस सर्टिफिकेटं विनाकारण तक्रार करतात.

खरी गंमत लाईट परत आल्यावर. बायोसमधलं 'आफ्टर पॉवर लॉस, पॉवर ऑन' इथे उपयोगाचं नाही. इन्व्हर्टर चालूच असल्यामुळे डब्याच्या दृष्टीने वीज कधी गेलेलीच नसते, तो शांतपणे बंद पडून राहतो. पण तो जुना राउटर लाईट आल्याबरोबर बूट होतोच. त्याच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये 'ईथरवेक' ची एक ओळ घातली: डब्याच्या मॅक पत्त्यावर वेक-ऑन-लॅनचं, म्हणजे बंद कॉम्प्युटरला नेटवर्कवरून उठवणारं, पॅकेट. डबा जागा असेल तर त्या पॅकेटने काही बिघडत नाही. ही जोडी जमल्यापासून मी ऑफिसात असताना लॅब स्वतःच झोपते आणि स्वतःच उठते.

एक सूचना जागेबद्दल. माळ्यावर ठेवू नका. वरचा मजला असेल तर मे महिन्यात स्लॅब तापून माळ्याची भट्टी होते.

प्रॉक्समॉक्सला मी नाही म्हटलेलं नाही, फक्त तो आता मशिनच्या आत राहतो. इंटेलवर कर्नल ४.२० पासून नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (मशिनच्या आत मशिन) आपोआप चालू असतं, मशिनला सीपीयू 'होस्ट-पासथ्रू', म्हणजे होस्टचाच जसाच्या तसा, दिला की तिला व्हीएमएक्स (व्हीटी-एक्सचीच खूण) दिसतो. अशा तीन मशिन्समध्ये प्रॉक्समॉक्स टाकून क्लस्टर केला. तिघांतले दोन बंद केले की कोरम (बहुमत) जातो आणि उरलेल्याची कॉन्फिगरेशनची डिरेक्टरी रीड-ओन्ली होते. पुस्तकातला कोरम असा हातात सापडतो. आतल्या मशिन्स सुस्त चालतात, पण क्लस्टर मोडायला वेग लागत नाही. लिबव्हर्टची एक्सएमएल हाताने लिहून झाल्यामुळे प्रॉक्समॉक्सचा प्रत्येक पर्याय ओळखीचा निघाला. म्हणून क्रम विचाराल तर हाच: आधी लिबव्हर्ट, मग प्रॉक्समॉक्स.

पुढचं काम लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे चालू मशिन न थांबवता दुसऱ्या डब्यावर हलवणं. दुसरा डबा बघून ठेवलाय, पण तो सहाव्या पिढीचा, आय-फाइव्ह ६५००टी. 'होस्ट-पासथ्रू' ठेवून दोन वेगळ्या सीपीयूंमध्ये मशिन हलवणं धोक्याचं, म्हणून दोन्हीकडे चालेल असं सामाईक मॉडेल द्यावं लागेल. लिबव्हर्टच्या 'वर्श' साधनाची 'हायपरवायझर-सीपीयू-बेसलाइन' कमांड ते काढून देते. माझा अंदाज टीएसएक्स (इंटेलची एक सोय) वगळलेल्या स्कायलेक-क्लायंट या सहाव्या पिढीच्या मॉडेलवर थांबेल असा आहे. कुणी या दोन पिढ्यांत मशिन हलवली असेल तर कुठलं मॉडेल ठेवलं तेवढं सांगा, डबा त्यानंतरच आणते.